व्यासांची अट

नवी कोल्हापुरी चप्पल पायात घातली, की पहिले आठ दिवस ती चावते. तिला तेल पाजावे लागते, अंगणात दोन-चार फेऱ्या मारून ती पायाच्या वळणावर आणावी लागते. ती कशी शिवली, कातडे कसे कमावले, हे कारागिराला ठाऊक असते. ती नेमकी कुठे चावते हे मात्र घालणाऱ्याच्या पायालाच कळते. संगणक, भ्रमणध्वनी आणि महाजालावर रोज नव्याने अवतरणाऱ्या सोयी यांविषयी मत देण्याचा आमचा अधिकार एवढाच, म्हणजे पायाचा आहे. आम्ही तंत्रज्ञ नव्हे. या यंत्रांच्या पोटात काय चालते, हे आम्ही वाचून थोडेफार समजून घेतले आहे, इतकेच. (येथे ‘आम्ही’ म्हणजे एकच माणूस. तीस-बत्तीस वर्षे वर्गात ‘आता आपण पाहू’ असे म्हणत आल्यामुळे आमची एकवचनाची सवय मोडली आहे. वाचकांनी ते चालवून घ्यावे.)

नव्या वस्तूंबद्दल आमच्या व्यवसायबंधूंची मते ऐकली, तर त्यांचे दोन तट पडलेले दिसतात. एका तटाला यंत्र आले की वाङ्मय बुडाले असे वाटते. दुसऱ्या तटाला यंत्र आले की वाङ्मयाचा उद्धार झाला असे वाटते. आमचा अनुभव या दोन्ही तटांना सोयीचा नाही. यंत्रांनी आम्हांला बरेच काही दिले, आणि एकदा एका यंत्राने आमच्या आईच्या तोंडी असे एक वाक्य घातले, की ते पुसताना आम्हांला आमच्या साऱ्या अध्यापनाचा हिशेब मांडावा लागला. त्या वाक्यापाशी येण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे.

आमच्या पिढीने मराठी टंकलेखन शिकले ते खडखडणाऱ्या यंत्रावर. मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा असे, आणि जोडाक्षर आले की बोटे अडखळत. त्यानंतर संगणक आला. १९९९ साली आम्ही शंकर पाटलांच्या कथांवर एक दीर्घ लेख लिहिला आणि तो अक्षरजुळणीच्या एका दुकानात बसून संगणकावर उतरवून घेतला. एका चकतीवर तो आम्हांला मिळाला. चकती आम्ही पाकिटात घालून, वर तारीख लिहून, कपाटात ठेवली; हस्तलिखित मात्र ‘आता काय उपयोग’ म्हणून रद्दीत घातले. २०१० साली एका विद्यार्थ्याला तो लेख हवा होता. चकती वाचणारे यंत्र मोठ्या मुश्किलीने मिळवले, लेख उघडला, आणि पडद्यावर रोमन अक्षरांचा, स्वल्पविरामांचा, कंसांचा आणि डॉलरच्या चिन्हांचा नुसता सडा पडला. शंकर पाटील कुठेच नव्हते.

असे का झाले, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी समजून घेण्याजोगे आहे, कारण हा प्रश्न अखेर संहितेचा आहे. त्या काळच्या बहुतेक मराठी टंकांमध्ये (म्हणजे फाँटांमध्ये) देवनागरी हा केवळ मुखवटा असे. संगणकाच्या लेखी आपण ‘के’ किंवा ‘डी’ हे इंग्रजी अक्षरच लिहिलेले असे. त्या अक्षराच्या जागी ‘क’चे किंवा काना-मात्रेचे चित्र दाखवण्याचे काम टंक करी. प्रत्येक कंपनीचे मुखवटे निराळे. तो टंक नसला की मुखवटा गळून पडे, आणि खालचा इंग्रजी चेहरा उघडा होई. आमचा लेख मराठीत दिसत होता, पण मराठीत लिहिलेला कधी नव्हताच.

युनिकोडने ही स्थिती बदलली. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक द्यायचा, ही त्यामागची साधी कल्पना. या संकेताची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. तीत देवनागरी होतीच. षोडशमान पद्धतीने ‘क’चा क्रमांक ०९१५. तो टंक कोणताही असो, यंत्र कोणतेही असो, ‘क’ हा ‘क’च राहतो. पण ही सोय सामान्य माणसाच्या टेबलावर पोचायला ‘विंडोज २०००’ आणि त्यासोबतचा ‘मंगल’ टंक यावा लागला, आणि मराठी माणसाच्या बोटांत उतरायला ‘बरहा’, ‘गमभन’ यांसारख्या साधनांची मदत व्हावी लागली. आज महाजालावर मराठीचा जो मजकूर शोधता येतो, तो या बदलामुळे. आमच्या मते, मराठी गद्याच्या दृष्टीने गेल्या पाव शतकातली सर्वांत मोठी घटना हीच, आणि तिच्यावर एकाही साहित्य संमेलनाच्या मांडवात परिसंवाद झालेला आम्ही ऐकलेला नाही.

अर्थात चप्पल अजूनही एक-दोन ठिकाणी चावते. ‘ॲरिस्टॉटल’ हाच शब्द घ्या. त्यातले पहिले अक्षर दोन प्रकारे लिहिता येते. ‘अ’ लिहून त्यावर वेगळी अर्धचंद्राची खूण द्यायची ही जुनी रीत. आणि ‘ॲ’ हे एकच स्वतंत्र अक्षर वापरायचे ही नवी, कारण त्याला ०९७२ हा स्वतःचा क्रमांक २००८ साली मिळाला. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. यंत्राला मात्र ते दोन निराळे शब्द वाटू शकतात. म्हणून एखादा विद्यार्थी तीनशे पानांच्या प्रबंधात साध्या शोधसोयीने ‘ॲरिस्टॉटल’ शोधतो, काही सापडत नाही, आणि प्रबंधकाराने ॲरिस्टॉटल वाचलाच नाही असा निष्कर्ष काढतो. याच्या नेमका उलट प्रकार ‘ल’ आणि ‘श’ यांचा. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही मराठी वळणे प्रमाण ठरवली. पण यंत्रातला टंक हिंदी वळणाचा असला तर तीच अक्षरे हिंदी रूपात दिसतात. तेथे क्रमांक तोच असतो, फक्त रूप बदलते. कुठे रूप एक आणि अक्षरे दोन, तर कुठे अक्षर एक आणि रूपे दोन. पाठचिकित्सा शिकवताना पूर्वी आम्ही पोथ्यांची उदाहरणे देत असू; शेवटच्या काही वर्षांत ही देऊ लागलो. मुलांना ती लवकर कळत.

वाचनयंत्राबद्दल आमचे मत मिश्र आहे. अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, हे साठीनंतर फार मोठे सुख आहे. पण अक्षर मोठे केले की पाने बदलतात, आणि ‘पान सत्तेचाळीस काढा’ हे शिक्षकाचे परवलीचे वाक्य निरर्थक होते. एका वर्गात चौघांच्या हाती चार यंत्रे असतील, तर सत्तेचाळिसावे पान चार ठिकाणी असते. श्राव्य पुस्तके आम्हांला स्वयंपाकघरात आवडतात, अभ्यासिकेत नाहीत. भाजी निवडताना कादंबरी ऐकता येते, समास लिहिता येत नाहीत.

ज्या एका सोयीबद्दल आमच्या मनात निर्भेळ कृतज्ञता आहे, ती म्हणजे शब्दकोशांची. पूर्वी एका शब्दासाठी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन जाडजूड खंड टेबलावर आणावे लागत. आता शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा १८५७ सालचा कोश आणि दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ घरबसल्या उघडतात. मोटेचे, नांगराचे, गुऱ्हाळाचे शब्द तेथे आहेत. प्रादेशिक शब्दापुढे कंसात त्या प्रांताची खूण आहे. त्या जुन्या कोशकारांनी शब्द कोणत्या मुलखातला हे सांगितले, पण शब्द मुलखातला आहे म्हणून त्याला दाराबाहेर ठेवले नाही. ही गोष्ट पुढच्या हकिगतीसाठी लक्षात ठेवावी.

आता बोलून लिहिण्याची सोय. आपण बोलायचे आणि अक्षरे आपोआप उमटायची, हा प्रकार गेल्या काही वर्षांत साध्या फोनवरही आला, आणि त्यापाठोपाठ ध्वनिमुद्रण ऐकवले की त्याचा मजकूर करून देणाऱ्या सोयीही आल्या. वस्तुतः बोलून लिहून घेणे ही गोष्ट कोल्हापूरला नवी नाही. वि. स. खांडेकरांची दृष्टी मुळातच अधू. अखेरच्या वर्षांत ती गेलीच. त्यांचे कितीतरी लेखन लेखनिकांच्या हातून कागदावर उतरले. विद्यापीठाच्या आवारातल्या खांडेकर स्मृती संग्रहालयात विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही अनेकदा गेलो आहोत, आणि प्रत्येक वेळी आमच्या मनात त्या लेखनिकांचाच विचार आला आहे. शब्द नीट ऐकू आला नाही तर ते काय करीत असतील? विचारीत असतील, दुसरे काय! ‘भाऊ, काय म्हणालात?’ एवढा तो प्रश्न. पण त्या प्रश्नात लेखकाला पुन्हा एकदा आपले वाक्य ऐकावे लागते, आणि लेखनिकाला ते कळावे लागते.

आमची आई कागल तालुक्यातल्या एका खेड्यात १९३५ साली जन्मली. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ सालीच प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्याचा कायदा केला होता. पण तिच्या नशिबी शाळा आली नाही. तिला अक्षरओळख नव्हती. आम्ही शाळेतून प्रगतिपुस्तक आणले, की ते ती हातात घेई, उलटे-सुलटे पाही, आणि देवाच्या फळीवर ठेवून देई. तिने कधी काही विचारले नाही. त्यावरून आम्ही असा समज करून घेतला होता, की तिला या लिहिण्यावाचण्याच्या भानगडीत रस नाही. पुढे आम्ही मराठीचे प्राध्यापक झालो, तरी हा समज तपासून पाहण्याची गरज आम्हांला वाटली नाही.

२०१६ च्या हिवाळ्यात, गुऱ्हाळांचा हंगाम सुरू असताना, तिला बोलते करावे असे आमच्या मनात आले. फोन तिच्यासमोर ठेवला आणि ती सांगत गेली. रानभेंडीच्या चिकाने रस कसा निवळायचा, मळी कधी काढायची, चुलवाणात चिपाडे कोण सारायचे, काहिलीतला रस पाण्यात टाकून गुळव्या पाक कसा ओळखायचा. मधूनच माहेरची माणसे येत, मधूनच सासरची. सहा दुपारी मिळून जवळजवळ सात तासांचे मुद्रण झाले. आपण कधीतरी निवांतपणे हे उतरवून काढू, असे आम्ही म्हणालो आणि, अर्थातच, उतरवले नाही. २०२२ साली ती गेली.

पहिल्या वर्षश्राद्धाला तिच्या बोलण्याची एक छोटी पुस्तिका काढून नातेवाइकांना द्यावी, असे ठरले. हाती वेळ थोडा होता. एका तरुण मित्राने मुद्रणाचा मजकूर करून देणारी एक सोय सुचवली. (तिचे नाव सांगण्यात अर्थ नाही, आमचा मुद्दा कोणा एकीपुरता नाही.) सात तासांचे बोलणे तिने आम्ही चहा पिऊन येईपर्यंत लिहून दिले. आम्ही थक्क झालो, हे कबूल केले पाहिजे. विरामचिन्हे जागच्या जागी होती, परिच्छेदही पाडलेले होते. काही गमती झाल्या होत्या. ‘काहिलीत रस वततात’ याचे ‘काही लिहीत बसवतात’ झाले होते, आणि गुळव्या जिथे येईल तिथे ‘हळव्या’ आला होता. त्या आम्ही हसत हसत दुरुस्त केल्या. बाकीचा मजकूर इतका सरळ वाहत होता, की मुद्रण पुन्हा ऐकावे असे वाटलेच नाही. जेथे वाक्य विचित्र दिसले, तेथेच तपासले. पुस्तिकेच्या पन्नास प्रती छापल्या आणि वर्षश्राद्धाच्या दिवशी वाटल्या.

तीन दिवसांनी इचलकरंजीहून धाकट्या बहिणीचा फोन आला.

“दादा, नवव्या पानावर हे काय लिवलंयस? आई असं म्हनायचीच न्हाई.”

नवव्या पानावर वाक्य असे होते : ‘मला शाळेला जायचं नव्हतं, पण कोण विचारतंय?’

आम्ही म्हणालो, यात चूक काय? तिला नव्हतीच शाळेची आवड. बहीण काही वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, “तू परत ऐक. मग बोलू.”

त्या रात्री आम्ही ते मुद्रण काढून ऐकले. आई म्हणत होती : “मला बी साळंला जायाचं व्हतं, पर कोन इचारतंय?”

व्हतं. म्हणजे होतं.

आम्ही ते वाक्य किती वेळा ऐकले, ते सांगत नाही. त्यानंतर तिने चार-पाच क्षण काही म्हटलेले नाही. मागे कुठेतरी कोंबडी कलकलते आहे आणि एक मोटारसायकल जाते आहे. यंत्राने तो विराम गाळला होता, कारण त्यात शब्द नव्हता. आणि मुद्रण झाले तेव्हा, २०१६ च्या त्या दुपारी, फोनच्या अलीकडे समोरासमोर आम्हीच बसलो होतो. तिने ते आमच्या तोंडावर सांगितले होते. विरामानंतर आमचाच आवाज येतो : “बरं, मग गुळाच्या ढेपा कुठं न्यायचे?”

यंत्र का चुकले असावे, याविषयी आमचा एक तर्क आहे. असे यंत्र असंख्य माणसांच्या बोलण्यावर आणि लिहिण्यावर पोसलेले असते. कानावर आलेला ध्वनी कोणत्या शब्दाच्या जवळ जातो आणि या जागी कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचा अंदाज बांधून ते लिहिते. प्रमाण मराठीत ‘व्हतं’ असा शब्द नाही. तेथे ‘होतं’ आहे आणि ‘नव्हतं’ आहे. ‘व्ह’चा ध्वनी ज्यात आहे असा जवळचा शब्द म्हणजे ‘नव्हतं’. म्हणजे आमच्या मुलखातला होकार हा प्रमाणभाषेच्या कानाला, सुरुवातीचे अक्षर नीट ऐकू न आलेल्या नकारासारखा वाटतो. यंत्राने ते ‘राहिलेले’ अक्षर आपल्या पदरचे घातले. शिवाय ‘साळंला’चे ‘शाळेला’ केले, ‘बी’ काढून टाकले, ‘पर’चे ‘पण’ केले, आणि सारे वाक्य इतके नीटनेटके केले, की संशयाला जागा उरली नाही. ‘काही लिहीत बसवतात’ ही चूक आम्हांला सापडली, कारण ती वेडीवाकडी होती. ही सापडली नाही, कारण ती शुद्ध होती, आणि आमच्या समजाशी जुळत होती.

महाभारताच्या लेखनाची कथा सर्वांना ठाऊक आहे. गणपतीने लेखनिक होण्याचे कबूल केले ते या अटीवर, की माझी लेखणी मध्ये थांबता कामा नये. व्यासांनी त्यावर आपली अट घातली : अर्थ कळल्याशिवाय एकही अक्षर लिहायचे नाही. आजवर ही कथा आम्ही व्यासांच्या चातुर्याची म्हणून शिकवत आलो. अवघड श्लोक घालून त्यांनी स्वतःला विचार करायला सवड कशी मिळवली, वगैरे. आता वाटते, की ती मुळात लेखनिकाच्या धर्माची कथा आहे. आमच्या नव्या लेखनिकाने गणपतीची अट उत्तम पाळली. त्याची लेखणी एकदाही थांबली नाही. व्यासांची अट मात्र त्याला कोणी घातलीच नव्हती. ‘होतं की नव्हतं?’ एवढे त्याने विचारले असते, तर पुरे होते.

पण सगळा दोष त्याच्या माथी मारून आम्ही मोकळे झालो, तर ते लबाडीचे होईल. हे यंत्र ज्या लेखनावर पोसले, ते लेखन कोणाचे? छापील मराठी बहुतांश आमच्यासारख्यांनी लिहिलेली, तपासलेली, ‘शुद्ध’ केलेली. कागलच्या आनंद यादवांनी ‘झोंबी’त (१९८७) शाळेसाठी बापाशी झुंजणाऱ्या मुलाची हकिगत सांगितली, पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांनी, निपाणीच्या महादेव मोऱ्यांनी आपल्या मुलखातली माणसे त्यांच्या तोंडच्या भाषेनिशी कागदावर आणली. ‘झोंबी’ला १९९० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि आम्ही ते पुस्तक वर्गात मोठ्या प्रेमाने शिकवले. त्याच वर्गातल्या, त्याच तालुक्यांतून एसटीने येणाऱ्या मुलांनी उत्तरपत्रिकेत ‘व्हतं’ लिहिले, की तांबड्या पेनाने ते खोडून आम्ही वर ‘होते’ लिहीत असू. पुस्तकातली बोली वाङ्मय, आणि उत्तरपत्रिकेतली बोली चूक. प्रमाणभाषा मुलांना आलीच पाहिजे, हे आम्ही आजही म्हणू. पण तीस-बत्तीस वर्षांत आम्ही एकदाही समासात ‘हे तुझ्या घरी असे म्हणतात, होय ना?’ असे लिहिले नाही. यंत्राने आईच्या वाक्याचे जे केले, ते करायला त्याला शिकवणाऱ्यांत आम्हीही होतो. आणि समोर बसून ते वाक्य न ऐकणारा पहिला लेखनिक तर आम्हीच.

पुस्तिकेच्या पन्नास प्रतींपैकी एकतीस परत मिळाल्या. त्यांतली दुरुस्ती हाताने करायची होती. वाक्य खोडून वर नवे लिहायला ओळींमध्ये जागा नव्हती, म्हणून आम्ही पेन हातात घेऊन थोडा वेळ नुसते त्या शब्दाकडे पाहत बसलो. मग लक्षात आले, की नवे काही लिहावे लागणारच नाही. ‘नव्हतं’ मधला एक ‘न’ खोडला, की खाली उरतो तो आईचाच शब्द. एकतीस प्रतींत आम्ही एकतीस ‘न’ खोडले. पेन तांबडेच होते. घरात दुसरे सापडले नाही. उरलेल्या एकोणीस प्रती कोणाकोणाच्या घरी आहेत, आणि त्यांत आमच्या आईला शाळेला जायचे नव्हते.

यानंतर आम्ही यंत्र सोडले का, असे कोणी विचारील. नाही सोडले. सात तासांचे बोलणे अक्षराक्षराने उतरवण्याइतकी आमची बोटे आता तरुण नाहीत, आणि पहिला खर्डा यंत्राने करून दिला की अर्धे कष्ट वाचतात हे खरे आहे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले, आणि त्यापाठोपाठ विचारील त्याला उत्तर देणारी, निबंध लिहून देणारी आणखी यंत्रेही निघाली. आमचे माजी विद्यार्थी त्यांविषयी आमचे मत विचारतात. आम्ही त्यांना सांगतो, की त्याने काय लिहिले एवढेच पाहू नका; ते कुठे अडखळले ते पाहा. कुठेच अडखळले नसेल, तर मूळ मजकूर काढा आणि स्वतः अडखळून घ्या.

आमच्यापुरती आम्ही एक व्यवस्था लावली आहे. फोनच्या स्वतःच्या शब्दसंग्रहात आपण शब्द घालू शकतो, हे आम्हांला उशिरा कळले. त्यात आम्ही व्हतं, न्हवतं, साळा, काहील, चुलवाण, गुळव्या असे शंभरेक शब्द घातले आहेत. परवा महाविद्यालयाला एक औपचारिक पत्र लिहीत असताना, ‘होतं’ म्हणायच्या ठिकाणी फोनने कळपाटाच्या वर दोन पर्याय शेजारी शेजारी दाखवले. आम्ही प्रमाण रूपच निवडले; पत्र प्राचार्यांना होते. पण त्याने विचारले, याचे बरे वाटले.

आणि महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी बहीण इचलकरंजीहून येते. पुस्तिकेची दुसरी आवृत्ती काढायची आहे. ती खर्डा घेऊन बसते, आम्ही मुद्रण लावतो. तिचे शिक्षण सातवीपर्यंत झाले. पण आईच्या बोलण्याचा तिच्याइतका जाणकार आता कोणी उरला नाही. एका बैठकीत जेमतेम वीस मिनिटांचे मुद्रण पुरे होते. कारण दर दोन ओळींनी ती हात वर करते.

“थांब दादा. काय म्हनली?”

आम्ही मागे जातो आणि पुन्हा ऐकतो.